खांब नंबर पंधरा

जेवणाच्या ट्रेमध्ये चमच्यांच्या शेजारी ओल्या टिश्यूचं पाकीट होतं. बाजूच्या सीटवरच्या पोरानं ते फाडायला घेतलं आणि मी, ना ओळख ना देख, एकदम म्हणाले, "थांब रे, आधी वास घे." त्यानं पाकीट नाकाशी धरलं. लिंबाचा घमघमाट. दोन पांढऱ्या बिनशिवल्या वस्त्रांत गुंडाळलेला, एसीच्या गारव्यानं काकडलेला तो भिवंडीचा पोरगा पाकीट परत ट्रेमध्ये ठेवत म्हणाला, "खाला, बच गया."

त्यानं मुंबईच्या विमानतळावरच उमऱ्याची, मक्केच्या छोट्या यात्रेची, नियत केली होती. म्हणजे इहराम सुरू. पुष्कळांना वाटतं इहराम म्हणजे ते पांढरे कपडे. कपडे त्याचा भाग आहेत, तेही पुरुषांपुरते. बाई आपल्या रोजच्या अंगभर कपड्यांतच असते, फक्त चेहरा उघडा ठेवते. इहराम ही अवस्था आहे. नियत केली की ती लागू होते आणि उमरा आटोपून केस कापले की सुटते. मधल्या काळात सुगंध लावायचा नाही, नख कापायचं नाही, केस तोडायचा नाही, शिकार करायची नाही, पुरुषानं डोकं झाकायचं नाही आणि कुणाशी वाद घालायचा नाही. यातलं बाकी सगळं सोपं. नखं घरून कापून निघता येतं. भांडण मात्र घरी ठेवून निघता येत नाही, आणि परक्या देशातला विमानतळ ही भांडणाला फार पोषक जागा.

मी एकटी निघाले होते. वय ५८, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त, यजमान जाऊन ६ वर्षं झालेली. मुलगा कुवेतला, त्याला रजा नाही. मुलगी मुंब्र्याला, तिचं बाळ ४ महिन्यांचं. ग्रुपबरोबर जा, असं सगळ्यांचं म्हणणं. ग्रुपमध्ये वाईट काही नाही. पण माझी नणंद ग्रुपबरोबर जाऊन आली तेव्हा तिनं काब्यापेक्षा जास्त खोलीतल्या बायकांचंच सांगितलं. बाथरूम कोण अडवून बसायची, कुणाला दुसऱ्यांदा सालन मिळालं नाही. मला हे ऐकूनच थकवा आला.

थोड्या वर्षांपूर्वी एकटीनं जायचं म्हटलं असतं तर व्हिसाच मिळाला नसता. बाईबरोबर महरम हवा, म्हणजे नवरा, बाप, भाऊ, मुलगा, असा कुणीतरी. आपल्या सरकारनं २०१८ च्या हजपासून ४५ वर्षांवरच्या बायकांना चौघींच्या गटानं महरमाशिवाय जायची मुभा दिली. २०२३ साली अशा ४ हजारांवर बायकांनी अर्ज केले. खुद्द सौदी हजमंत्र्यांनी २०२२ च्या ऑक्टोबरात जाहीर केलं, की जगातल्या कुठल्याही बाईला हज-उमऱ्यासाठी महरमाची अट नाही. तरी गावात एका बुजुर्गांना ते पटेना. मी त्यांच्यापुढे कायदा काढला नाही. एवढंच विचारलं, की चाचा, सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये आपण सगळे ज्या ७ फेऱ्या मारतो त्या कुणाच्या? हाजराच्या. तान्हं लेकरू घेऊन वाळवंटात पाणी शोधणारी बाई. तिच्यासोबत कोण महरम होता? चाचा म्हणाले, "जा बाई, दुआ कर माझ्यासाठी." त्यांचं नाव वहीत पहिलं लिहिलं.

आमचं गाव दाभोळ. वाशिष्ठीच्या मुखावरचं एके काळचं मोठं बंदर. इथून थेट अरबस्तानला जहाजं जायची. धक्क्याजवळ विजापूरच्या काळातली दगडी मशीद आहे, मोठा घुमट आणि चार मिनार. तिची कथा आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. विजापूरची शहजादी आयशाबीबी १६५९ च्या सुमाराला मक्केला जायला म्हणून लवाजम्यासकट दाभोळला आली. समुद्रावर चाच्यांचं भय, जहाज काही सुटेना. शेवटी हजसाठी आणलेला पैसा तिनं या मशिदीत घातला आणि ती परत गेली. इतिहासकारांना यातलं किती मान्य होईल ते होवो, मी त्या मशिदीच्या दारावरून ४० वर्षं शाळेत गेले-आले आहे. शहजादीला जे जमलं नाही ते जिल्हा परिषदेच्या पेन्शनवर जमतंय, याची गंमत वाटायची.

तयारी म्हणाल तर मेंदुज्वराची लस निघण्याआधी किमान १० दिवस घ्यायची आणि दाखला जवळ ठेवायचा. नुसुक नावाचं सौदी सरकारचं ॲप मोबाइलवर हवं. उमऱ्याची वेळ आणि मदिनेतल्या रियाजुल-जन्ना या पवित्र जागेची वेळ त्यातच घ्यावी लागते. नियमित औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. व्हिसा, हॉटेल आणि "जेद्दाला आमचा माणूस न्यायला येईल" हे तिन्ही मी मुंबईच्या एका एजंटाकडून घेतलं. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून इथं मुद्दाम लिहिते: शेजारच्या वहिनींनी प्रेमानं डिंकाचे लाडू दिले होते, भरपूर खसखस घालून. सौदीत खसखस अमली पदार्थांत मोडते. आपली हज कमिटीही ती न्यायला मनाई करते. मुलीच्या लक्षात आलं म्हणून बरं; डबा मुंब्र्यालाच राहिला आणि जावयानं संपवला. वहिनींना मी अजून सांगितलेलं नाही.

निघण्याआधी दारोदार जाऊन "बोललं-चाललं माफ करा" म्हणायची रीत आहे. ज्यांच्याशी बोलणं बंद आहे त्यांच्याकडेही जावं लागतं, खरं तर त्यांच्याकडे आधी. प्रत्येक दारी कुणी ना कुणी आपलं नाव दुआसाठी लिहायला सांगतं. धोपाव्याच्या फेरीबोटीवरच्या तिकीटवाल्यानंही मुलाच्या एमपीएससीसाठी लिहायला लावलं. वहीत ७१ नावं झाली.

विमान आखात ओलांडून नज्दच्या वाळवंटावर आलं तेव्हा कॅप्टननं सांगितलं, की अर्ध्या तासात मीकात येईल. मक्केच्या चहूबाजूंना अशी ५ ठिकाणं ठरलेली आहेत: मदिनेकडून येणाऱ्याला जुल-हुलैफा, शाम-मिसरकडून जुहफा, इराककडून जात-इर्क, नज्दकडून कर्नुल-मनाजिल आणि यमनकडून यलमलम. उमऱ्याच्या इराद्यानं निघून ही हद्द इहरामशिवाय ओलांडली तर दम पडतो, म्हणजे मक्केच्या पवित्र हद्दीत एक बकरा कुर्बान करावा लागतो. मुंबईहून येणारं विमान ताइफजवळच्या कर्नुल-मनाजिलच्या बाजूनं उतरतं. ताशी ८०० किलोमीटरच्या वेगात ती हद्द कधी मागे गेली हे कळत नाही, म्हणून पुष्कळजण त्या भिवंडीच्या पोरासारखे आधीच नियत करून मोकळे होतात. मी थांबले होते. दादीमुळे.

दादी मुघल लाईनच्या बोटीनं गेली होती. मुंबईच्या मुसाफिरखान्यात ४ दिवस, मग आठवडाभर समुद्र. बोटीनं जाणाऱ्या हिंदुस्थान्यांची मीकात यलमलम. किनारा दिसत नसे. बोट त्या रेषेवर आली की भोंगा वाजायचा आणि डेकवरचे सगळे एका आवाजात लब्बैक, म्हणजे हजर आहे, म्हणायला लागायचे. उलट्यांनी गळून गेलेल्या बायकासुद्धा उठून बसायच्या, असं ती सांगे. आमच्या कोकणातली कितीतरी माणसं त्या बोटींवर खलाशी होती, त्यामुळे दादीला वरणभात मिळाला, असंही ती तितक्याच भक्तीनं सांगे. १९९५ नंतर मुंबईहून हजच्या बोटी बंद झाल्या. विमानाला भोंगा नसतो. पण घोषणा झाली आणि ज्या कुजबुजत्या आवाजात विमानभर लब्बैक सुरू झालं, त्यात मीही माझी नियत केली. खिडकीबाहेर तांबूस डोंगर होते. भिवंडीचा पोरगा रडत होता आणि नाक पुसायला बिनवासाचा रुमाल शोधत होता. माझ्याकडे होता.

जेद्दाला उतरताना उजव्या हाताला तंबूंची रांग दिसली. पांढरे, टोकदार, एकसारखे. ते हज टर्मिनल. १९८१ साली हा विमानतळ सुरू झाला तेव्हापासूनचं. काचेच्या धाग्यांच्या कापडावर टेफ्लॉनचा लेप दिलेले २१० तंबू पोलादी खांबांना टांगलेत; प्रत्येक तंबू ४५ मीटर लांब-रुंद. भिंती जवळजवळ नाहीत. गरम हवा वरच्या भोकातून निघून जाते, खाली सावली राहते. हजच्या दिवसांत एकेका यात्रेकरूला तासन्‌तास थांबावं लागतं, एवढ्या माणसांसाठी एसी चालवणं परवडणारं नव्हतं, म्हणून वाळवंटातल्या बदूंचीच युक्ती मोठी करून वापरली. या छताचा इंजिनीअर फझलुर रहमान खान, मूळचा ढाक्याचा. शिकागोचा सिअर्स टॉवर उभा करणारा तोच. छताला १९८३ साली आगाखान पुरस्कार मिळाला. खान त्याआधी, १९८२ साली, जेद्दातच हृदयविकारानं गेले. मला त्या तंबूंखाली उतरायचं होतं. पण ते हजच्या आणि खास विमानांचं. आमचं साधं प्रवासी विमान नव्या टर्मिनल १ ला लागलं.

टर्मिनल १ भव्य आहे, झगझगीत आहे, आणि मधोमध दोन-तीन मजली घराएवढं मत्स्यालय आहे. त्यात एक मोठा मासा संथपणे फिरत होता. आमच्या हर्णै-दाभोळकडचं माणूस त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहील त्याच नजरेनं मी पाहिलं, मग आठवलं, आपण इहराममध्ये आहोत. (समुद्रातलं चालतं. मनाई जमिनीवरच्या शिकारीची.)

पासपोर्टच्या खिडकीत काळ्या नकाबातली तरुण मुलगी होती. फक्त डोळे दिसत होते, झोप न झालेले. तिनं पासपोर्ट पाहिला, माझ्या मागे कुणी आहे का ते पाहिलं, मग बोट दाखवून विचारलं, "वाहिदा?" एकटी? मी म्हटलं, "वाहिदा." तिनं पुढे काही विचारलं नाही. काचेवर हात ठेवायला सांगितला. "बस्मा." पहिल्यांदा येणाऱ्याचे दहाही बोटांचे ठसे घेतात आणि फोटो काढतात. डाव्या हाताचे आले. उजव्याचे येईनात. एकदा, दोनदा, चारदा. मागच्या रांगेतून सुस्कारे. खडू धरून आणि भाकऱ्या थापून माझ्या बोटांच्या रेषा गेल्यात. दाभोळच्या रेशन दुकानातलं मशीनही मला ओळखत नाही. तिथं दुकानदार म्हणतो, "बाई, अंगठा कपाळाला घासा." कपाळाचा तेलकटपणा लागला की ठसा उमटतो. इथं ती मुलगी क्षणभर थांबली, आपला उजवा हात उचलला आणि नकाबाच्या वरच्या पट्टीवर, कपाळाशी, बोटं घासून दाखवली. मी घासली. ठसा आला. शिक्का बसला. रेशन आणि मक्का, दोन्हीचं दार एकाच युक्तीनं उघडतं हे मी गावी जाऊन दुकानदाराला सांगितलं तर त्यानं मशीनवर अत्तर लावलं.

सामानाच्या तपासणीत आमसुलांनी अडवलं. काळी, सुरकुतलेली, चिकट, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली आमसुलं एक्स-रेमध्ये काय दिसत असतील कुणास ठाऊक. कस्टमच्या माणसानं पिशवी वर धरली. "हादा एश?" हे काय? आता आमसुलाला अरबी काय म्हणायचं! चिंचेला अरबीत तम्र हिंदी म्हणतात, हिंदुस्थानी खजूर, एवढं मला माहीत होतं. तेवढं म्हटलं असतं तर सुटले असते. पण आमसूल म्हणजे चिंच नव्हे, आणि इहराममध्ये पहिलंच वाक्य खोटं बोलायचं? मी म्हटलं, "मिस्ल तम्र हिंदी." चिंचेसारखं. त्यानं एक तुकडा काढला, हुंगला, जिभेवर ठेवला. डोळे मिटले. मग दोन माणसांना हाक मारली. मला वाटलं, संपलं. ती दोघं आली, त्यांनीही एकेक तुकडा तोंडात टाकला, तिघांनी मिळून तोंडं वाकडी केली आणि मोठ्यानं हसले. "यल्ला, हज्जा." जा. पिशवी परत मिळाली, ३ आमसुलं कमी.

बाहेरच्या दालनात आल्यावर एकटेपण म्हणजे काय ते कळलं. तोवर विमान होतं, रांग होती, सगळे आपल्यासारखेच. आता ते वेगवेगळे झाले. एकसारख्या हिरव्या पिशव्यांचा मालेगावचा ग्रुप झेंडीमागे निघाला. तुर्कस्तानच्या बायका एका रंगाच्या जाकिटांत, इंडोनेशियाच्या एका छापाच्या बाटिकमध्ये. भिवंडीच्या पोराचा मामा जेद्दात राहतो, तो मिठी मारून घेऊन गेला. जाताना पोरानं विचारलं, "खाला, छोड दें कहीं?" मी ऐटीत म्हटलं, "मला न्यायला माणूस येणार आहे."

दारात टॅक्सीवाले. "मक्का, हज्जा? मक्का?" इथं प्रत्येक यात्रेकरू पुरुष हाजी आणि प्रत्येक बाई हज्जा, उमऱ्याला आलेली असली तरी. अधिकृत टॅक्सीची रांग वेगळी असते आणि तिथंच जावं. आत येऊन हळू आवाजात भाव सांगणाऱ्याच्या मागे बाईनं काय, पुरुषानंही जाऊ नये. भाषेची मात्र काळजी नको. या विमानतळावर सामान ओढणारे, झाडणारे, चहा विकणारे, गाड्या चालवणारे बहुतेक बांगलादेशी, पाकिस्तानी, केरळचे. तोडकं-मोडकं हिंदी-उर्दू आलं तर निम्मं काम होतं.

एजंटानं व्हॉट्सॲपवर एका चिठ्ठीचा फोटो पाठवला होता. जेद्दाच्या माणसानं हातानं लिहिलेली: पार्किंगमधला खांब, आणि नंबर. मी वाचलं, १०. दहाव्या खांबापाशी सामान ठेवून उभी राहिले. पाऊण तास. एजंटाला निरोप ठेवला, उत्तर आलं, "मॅडम, वो वहीं खड़ा है." मी लिहिलं, की इथं कुणीही उभं नाही. "मॅडम, ठीक से देखिए." आता बघा, ३१ वर्षं पोरांना मी सांगत आले, की बाळांनो नीट बघा. मला कुणी नीट बघायला सांगितलं की डोकं फिरतं. मी त्याला एक लांबलचक मजकूर टाइप केला, त्यात त्याच्या धंद्याचा, त्याच्या इमानाचा आणि आखिरतचाही उल्लेख होता. पाठवायच्या बटणावर अंगठा गेला आणि आठवलं. इहराम. एकेक अक्षर खोडलं. ते खोडायला लिहिण्यापेक्षा जास्त ताकद लागली.

एक बांगलादेशी सफाईवाला बराच वेळ माझ्याकडे बघत होता. त्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, "आपा, ये दस नहीं. पन्द्रह."

अरबी अंकांत शून्य म्हणजे नुसता ठिपका. आणि आपल्या शून्यासारखं जे वाटोळं दिसतं तो पाच. उभी रेघ आणि तिच्यापुढे वाटोळं, म्हणजे पंधरा. मला कुराण वाचता येतं, मग हे कसं कळलं नाही, असं कुणी विचारेल. कारण आपल्याकडे छापलेल्या कुराणात आयतींचे आकडे उर्दू वळणाचे असतात, आणि उर्दूचा पाच उलट्या बदामासारखा. चार आणि सहाही निराळे. आणि गंमत पाहा, अरब लोक स्वतःच्या या अंकांना हिंदी अंक म्हणतात, कारण ते हिंदुस्थानातून आले. आपल्याच अंकांत गणिताच्या बाई नापास.

पंधराव्या खांबापाशी गेले. तिथंही कुणी नव्हतं.

एजंटानं पुढे सांगितलं, की माणूस वाट बघून निघून गेला. असेलही. नसेलही. त्या वेळी मला एकदम हलकं वाटलं, कारण आता कुणी येणार नव्हतं आणि वाट बघायची नव्हती.

जोहरची वेळ झाली होती. बायकांच्या नमाजखान्यात वुजू करून आत गेले. मालेगावच्या ग्रुपमधल्या मागे राहिलेल्या दोघीजणी जोहर पढून उठल्या. मी प्रवासी म्हणून जोहरच्या दोन रकात पढले आणि लगेच असरच्याही दोन. त्या दोघी चमकून बघायला लागल्या: असर आत्ताच? आम्ही कोकणी मुसलमान शाफई, त्या हनफी. शाफईंमध्ये प्रवासात दोन नमाज एका वेळी जोडून पढता येतात, हनफी तसं करत नाहीत. त्यांना समजावणार तेवढ्यात पाहिलं, तर माझ्या डाव्या हाताला एक इंडोनेशियाची म्हातारी अगदी माझ्यासारखंच, दोनवर दोन, पढत होती. इंडोनेशियाचे लोकही शाफई. हे योगायोगानं झालेलं नाही. अरबी समुद्रातून ज्या व्यापाऱ्यांची गलबतं कोकणाला, मलबारला लागली, तसलीच पुढे सुमात्रा-जावाला लागली, आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं हा पंथ पसरला. उत्तरेकडून जमिनीवरून आलेला इस्लाम हनफी, समुद्रावरून आलेला शाफई. पुस्तकात वाचलं होतं. आता ते माझ्या शेजारी गुडघे चोळत बसलं होतं. म्हातारीनं सलाम फिरवून माझ्याकडे पाहिलं, चार बोटं वर केली, मान हलवली. मीही चार बोटं वर केली. तिच्या स्कार्फची पिन निसटली होती, ती मी लावून दिली. एवढंच आमचं संभाषण.

आगगाडीचं स्टेशन टर्मिनल १ ला लागूनच आहे. सामानाची ढकलगाडी घेऊन चालत जाता येतं. हरमैन रेल्वे ही मक्का-मदिना जोडणारी ४५० किलोमीटरची लाइन, २०१८ च्या ऑक्टोबरात प्रवाशांसाठी खुली झाली. गाड्या स्पेनच्या, वेग ताशी ३०० किलोमीटर. तिकीट ॲपवर मिळतं, खिडकीवरही. पासपोर्ट दाखवावा लागतो. शुक्रवारी आणि रमजानमध्ये आधी काढलेलं बरं. ग्रुपवाले सहसा बसनं जातात, त्यामुळे गाडीत माझ्यासारखे सुटे लोकच जास्त.

खिडकीवरच्या मुलीनं माझ्या हॉटेलचं नाव इंग्रजीत वाचलं आणि विचारलं, ड्रायव्हरला हे कसं दाखवणार? मक्का स्टेशन रुसैफा भागात, हरमपासून, म्हणजे काब्याच्या मशिदीपासून, सुमारे ४ किलोमीटरवर. तिथून पुढे बस किंवा टॅक्सी. तिनं तिकिटाच्या मागे हॉटेलचं नाव आणि रस्ता अरबी अक्षरांत लिहून दिला. मी विचारलं, गाडी कोण चालवतं? ती हसली. २०२२ साली या रेल्वेनं बायकांसाठी चालकांच्या ३० जागा काढल्या तेव्हा २८ हजार अर्ज आले होते. "माझाही होता," ती म्हणाली. ज्या देशात २०१८ च्या जूनपर्यंत बाईला मोटार चालवायची परवानगी नव्हती, तिथली ही गोष्ट. मी वहीत ७२ वं नाव लिहिलं. तिनं स्वतःच सांगितलं म्हणून. मी कुणाला विचारत नाही.

गाडी सुटली. जेद्दा या नावाचा संबंध काहीजण आजी या अर्थाच्या अरबी शब्दाशी लावतात. आदिमाता हव्वाची कबर या शहरात आहे अशी जुनी समजूत होती, ती वास्तू १९२८ साली पाडली गेली. खिडकीतून तसलं काही दिसत नाही. गोदामं, उड्डाणपूल, मग उघडे काळे डोंगर. तासाच्या आत मक्का.

मक्केला टॅक्सीवाला पेशावरकडचा निघाला. तिकिटाची मागची बाजू वाचून म्हणाला, "माँ जी, लिखाई बहुत साफ है," आणि नेमकं दारात सोडलं. एजंटाच्या कागदावरचं इंग्रजी नाव त्याला कधीच सापडलं नसतं. त्या नावाची अजून तीन हॉटेलं त्याच रस्त्याला होती.

एकट्यानं जाणार असाल तर हॉटेलचं नाव-पत्ता घरूनच अरबीत लिहून न्या. गावातल्या मदरशातला कुणीही लिहून देईल. आणि अंक पाठ करून निघा. ठिपका म्हणजे शून्य. वाटोळा तो पाच.